आत्याला मी पत्रिका दिली

इंग्रजी शिकवण्याच्या बाबतीत माझ्या अंगी विनय नाही, आणि तो असायचं काही कारणही नाही. पनवेलच्या एका शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक बागेत फिरायला जातात, मी नवीन पनवेलमध्ये झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली आणि बोलायच्या इंग्रजीचे वर्ग सुरू केले. मुलाखतीला जाणारी पोरं येतात, जमिनी विकून बिल्डर झालेले माझ्याच समाजाचे लोक येतात, टेम्पोवाले येतात. सोसायट्यांत घरपोच मासळी देणारी पन्नाशीची एक कोळीणही येते. गिऱ्हाइकं मोबाइलवर इंग्रजीत लिहितात आणि तिला ते वाचून घ्यायला दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं, म्हणून. वर्गात सगळ्यात हुशार तीच.

खोलीत फळ्याशेजारी मी स्वतः रंगवलेला एक तक्ता आहे. वर मराठीत ‘योग्य’ असं लिहिलंय आणि खाली पाच इंग्रजी शब्द: फिट, सूटेबल, प्रॉपर, अ‍ॅप्रोप्रिएट, डीसेंट. आपण मराठी माणसं सगळीकडे ‘योग्य’ म्हणून मोकळे होतो आणि मग इंग्रजीत पाचांतला हाताला लागेल तो शब्द ठोकून देतो. माझ्या वर्गात ते चालत नाही. सदरा अंगाला नीट बसला की तो फिट. टेम्पो आरटीओत पास झाला की तोही फिट. पण तोच सदरा लालभडक असेल, त्यावर पोपट असतील आणि तुम्ही कुणाच्या दहाव्याला निघाला असाल, तर कितीही फिट असला तरी सूटेबल नाही. रीतीप्रमाणे चाललं की प्रॉपर. प्रसंग ओळखून वागलं की अ‍ॅप्रोप्रिएट. आणि चार लोकांत घरच्यांना मान खाली घालावी लागली नाही, तर डीसेंट. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवलं तरी बिनचूक सांगेन.

माझी बायको या तक्त्याला हसायची. मी तो घरी ओसरीवर बसून रंगवत होतो तेव्हा ती चहा घेऊन आली, पाचही शब्द वाचून घेतले आणि म्हणाली, “एवढे शब्द माहीत असलेल्या माणसाने काल माझ्या भावाला तोंडावर मूर्ख म्हटलं.” मी म्हटलं, तो आहेच मूर्ख. ती हसत आत गेली. त्याला आता बरीच वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी, जेमतेम तीन महिन्यांच्या आजारात, ती गेली. तक्ता अजून आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं, की मुलीच्या लग्नात या पाच शब्दांनी माझी चांगलीच जिरवली. म्हणजे जिरवली मी माझीच, शब्द बिचारे भिंतीवर होते.

आमचं घर सुकापुरात. आम्ही आगरी. बापाने मिठागरात मीठ ओढलं, भात लावलं. आता घराच्या तिन्ही बाजूंना इमारती आहेत आणि आमचं अंगण तेवढं मध्ये उरलंय. मुलगी पुण्याला नोकरीला होती, तिथलाच मुलगा तिने पसंत केला. माणसं भली, शिकलेली, बोलायला मऊ. आमच्याकडे कुणी ‘हो’ म्हणतं ते शेजारच्या इमारतीत ऐकू जातं. लग्न पळस्प्याच्या फाट्याजवळच्या एका लॉनवर आणि आदल्या दिवशीची हळद आमच्या अंगणात, असं ठरलं.

कार्यक्रमाचा कागद मी तयार केला. इंग्रजीत, दोन पानी, मिनिटामिनिटाचा. चार वाजता हळद, पाच वाजता फोटो, सहाला जेवणं, मग डीजे, दहाला बंद. असा कागद आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता आणि मला त्याचा अभिमान होता. त्या कागदात एक गोष्ट मात्र नव्हती, आणि ती मी विसरलो नव्हतो. मी ती मुद्दाम गाळली होती.

आमच्याकडे लग्न भटजीच्या आधी धवलारणीच्या तोंडून सुरू होतं. धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी, धवळे, म्हणणारी बाई. हळदीला, मांडवाला, प्रत्येक विधीला ती गाते आणि गाण्यातून देवांना बोलावते, गावदेवीला बोलावते, आणि घरातली जी माणसं गेली त्यांना नाव घेऊन लग्नाला या म्हणते. ते आल्याशिवाय आमच्या बायका मुलीच्या अंगाला हळद लावत नाहीत. आमच्या घरातली धवलारीण म्हणजे माझी आत्या. तिला आपटा गावात दिलेली, आता ऐंशीच्या पुढची. माझ्या हळदीला तिनेच गायलं आणि माझ्या सगळ्या भावंडांच्याही.

मुलीने मला फोनवर एकदाच विचारलं होतं, “बाबा, आत्याआजी गाणार ना?”

“बघू,” मी म्हणालो. “वेळ बसवावी लागेल.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. अगदी आईसारखं म्हणाली, म्हणजे ठीक काही नव्हतं.

माझा हिशोब असा होता. पुण्याचे लोक हळद घेऊन येणार. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद मुलीकडे आणतात, तिला उष्टी हळद म्हणतात. ती घेऊन विहीणबाई स्वतः यायच्या होत्या. त्यांच्यासमोर एक विधवा म्हातारी, खड्या आवाजात, त्यांना न कळणाऱ्या बोलीत, मेलेल्या माणसांना हाका मारणार. अर्धा तास. त्यांना काय वाटेल? हे सूटेबल आहे का? अ‍ॅप्रोप्रिएट आहे का? पाचही शब्द मी लावून पाहिले आणि पाचही वेळा उत्तर ‘नाही’ आलं. एक गोष्ट कबूल करतो. त्या लोकांनी असं काही कधी सुचवलंसुद्धा नव्हतं. लाज मला वाटत होती. नाव त्यांचं पुढे केलं, एवढंच.

धवलारणीला लग्नाला बोलवायची आमची रीत ठरलेली आहे. घरधन्याने स्वतः जायचं आणि तिच्या हातात सुपारी-नारळ द्यायचा. सुपारी घेतली की ती लग्न सुरू करायला बांधली गेली. मी आपट्याला गेलो तो छापील पत्रिका आणि पैठणी घेऊन. मोटारसायकल पाताळगंगेच्या काठाला लावली, तेव्हा आत्या दारात बसून वाल सोलत होती.

“बस बाला. पानी पी,” ती म्हणाली. मग माझ्या हाताकडे पाहिलं.

मी पैठणी तिच्या मांडीवर ठेवली आणि वर पत्रिका ठेवली. सोनेरी अक्षरं, अर्धी इंग्रजी. तिला मराठीही वाचता येत नाही. तिने पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली, आत बोटाने चाचपून पाहिलं, जणू सुपारी आत कुठे अडकली असेल.

“आत्या, तू आता दमतेस,” मी म्हणालो. माझा शाळेतला आवाज आपोआप लागला. “तू आरामात यायचं. पुढच्या रांगेत तुला खुर्ची ठेवलीय. काही करायचं नाही, फक्त आशीर्वाद द्यायचे.”

“बरा हाय,” ती म्हणाली आणि पुन्हा वाल सोलायला लागली. मला हायसं वाटलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, आत्या शहाणी आहे, असं मनात म्हणून मी उठलो. चपला घालत होतो तेव्हा ती म्हणाली, “मंग तुज्या बायकोला कोन बोलवल?”

मला राग आला. मला राग यायला वेळ लागत नाही, आणि उत्तर नसलं की तर मुळीच लागत नाही. “तिचा मोठा फोटो लावणार आहोत मांडवात,” मी म्हणालो. “हार घालून. सगळ्यांना दिसेल असा.”

“फोटोला आयकू येतं का?”

मी गाडीला किक मारली. पळस्प्यापर्यंत मनातल्या मनात तिच्याशी भांडत आलो, मराठीत आणि इंग्रजीत.

दुसऱ्या दिवशी वर्गात तोच तक्ता होता. मी नेहमीच्या तोऱ्यात सदरा आणि पोपट सांगितले, लोक हसले. कोळीणबाईंनी हात वर केला. “सर, फिट मना कलतं. अंगाला बसला का फिट. ते अंगच सांगतं. पन यो प्रॉपर कोन ठरवतं?”

“समाज ठरवतो,” मी म्हणालो.

“म्हंजे शेजारी?”

वर्ग पुन्हा हसला. मी म्हणालो, शेजारी नाही, रीत ठरवते, पूर्वीपासून चालत आलेली रीत. “मंग बरा हाय,” त्या म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. तीस वर्षांत माझं उत्तर कुणी वहीत लिहिताना मला इतकं अवघडल्यासारखं झालं नव्हतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कागद मी बदलला नाही.

हळदीच्या दिवशी अंगण सुरेख दिसत होतं. मांडव, झेंडू, कडेला डीजेचे भलेमोठे डबे, मध्ये पाट आणि पाटाच्या डाव्या हाताला माझ्या बायकोचा फोटो, हार घातलेला. पुण्याची मंडळी साडेतीनलाच आली. वेळेच्या आधी. मला ते फारच आवडलं. विहीणबाईंच्या हातात चांदीच्या वाटीत उष्टी हळद होती. आत्या आली, पैठणी नेसून. पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पाहुण्यांसारखे.

चार वाजले. मुलगी पाटावर बसली. पाच सवाष्णी पुढे आल्या, सगळ्या माझ्या भावजया नाहीतर बहिणी. हळदीचं ताट मध्ये ठेवलं. मी कागद हातात धरून म्हणालो, “चला, सुरू करा.”

कुणी हललं नाही.

मला वाटलं ऐकू गेलं नसेल. पुन्हा म्हणालो. बायका हळदीकडे बघत होत्या, एकमेकींकडे बघत होत्या. हट्ट नव्हता, रुसवा नव्हता. माझ्या थोरल्या वहिनीने तर बोटं हळदीत बुडवलीसुद्धा होती. पण ते बोट पुढे येईना. आमच्या बायकांचा हात धवळ्याशिवाय मुलीच्या अंगाला लागत नाही, याची मी सोय केली नव्हती. मिनिटामिनिटाच्या कागदात वहिनीच्या हाताचं काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं.

“वहिनी, लाव ना,” मी हळू आवाजात म्हणालो.

“कोनाच्या शब्दावर लावू, भावजी?” ती तितक्याच हळू म्हणाली. वहिनीचं सगळं आयुष्य माझ्या शब्दाला मान देण्यात गेलंय. त्या दिवशी माझ्या शब्दावर तिला काही करता येत नव्हतं, आणि याचं तिला माझ्याहून जास्त वाईट वाटत होतं.

डीजेवाला माझ्याकडे बघून, लावू का, अशी खूण करत होता. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. मुलगी मान खाली घालून बसली होती. रडत नव्हती, पण पाटाच्या कडेवरून सारखा अंगठा फिरवत होती. तेव्हा विहीणबाईंनी, वाटी हातात तशीच धरून, अगदी सभ्यपणे विचारलं, “आपण कुणाची वाट बघतोय का?”

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. खरं उत्तर एकच होतं, आणि ते विहीणबाईंना नाही, आत्याला द्यायचं होतं. मी कागदाची घडी घातली, खिशात टाकली आणि घरात गेलो. देवापुढच्या ताम्हनातली एक सुपारी घेतली, एक नारळ घेतला आणि बाहेर येऊन आत्याच्या खुर्चीपुढे उभा राहिलो.

तिने सुपारीकडे पाहिलं. हात मांडीवरून उचलला नाही. “मी पावनी हाय,” ती म्हणाली. “पावनीला कोन कामाला लावतं?”

पुण्याच्या बाजूला कुणीतरी हसू दाबलं. माझे कान तापले. तरी सांगतो, माघार घ्यायची तर मी ती अर्धवट घेत नाही. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसलो, नवी कोरी पँट घालून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “आत्या, माझं चुकलं. पत्रिका घेऊन नाही, सुपारी घेऊन यायला पाहिजे होतं. मला लाज वाटली. तुझी नाही. लोक काय म्हणतील त्याची.”

“कोन लोक?” तिने विचारलं.

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या वाटी धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं. “कुणीच नाही,” मी म्हणालो.

आत्याने सुपारी उचलली. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. मी हात दिला, पण तिने खुर्चीचा दांडा धरून स्वतःच उठायचं ठरवलं आणि ती उठली. पाटाच्या उजवीकडे उभी राहून तिने आधी गावदेवीला बोलावलं, मग माझ्या आईबापांना. आवाज थरथरत होता, पण वर चढला की कापत नव्हता. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत लोक येऊन उभे राहिले. मग ती थांबली.

“हां, आता सांग,” ती मला म्हणाली.

“काय सांगू?”

“नाव. माज्या मनानी मी नाय बोलवत. घरधन्याने सांगाचा, मी बोलवाचा.”

हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी मी तयार नव्हतो. मी बायकोला आयुष्यभर ‘अगं’ म्हणून हाक मारली. तिचं नाव चारचौघांत एकदाच घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात, आणि तेव्हाही आत्याच शेजारी उभी राहून हसत होती. ती गेल्यावर ते नाव मी दाखल्यांवर लिहिलं, बँकेत लिहिलं, फोटोखाली छापून घेतलं. तोंडाने चार वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. घरात कुणीच घेतलं नव्हतं, मला त्रास होईल म्हणून.

मी नाव घेतलं. पहिल्यांदा अगदी हळू, स्वतःशीच. आत्या म्हणाली, “मोठ्याने बोल. लांबून याचंय तिला.” मग मी मोठ्याने घेतलं, वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावं तसं.

आत्याने ते नाव धवळ्यात घेतलं. लेकीचं लगीन हाय, हळद तयार हाय, सगळी वाट बघतान, तू ये, अशी साधी ओळ. तीन वेळा म्हटली. तिसऱ्या वेळी माझ्या बहिणींनी मागून धरली आणि वहिनीने डोळ्यांना पदर लावला. मी रडलो. लपवलं नाही आणि लपवायला जागाही नव्हती.

ओळ संपली तेव्हा विहीणबाई दोन पावलं पुढे आल्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला होता, कधी घेतला ते मी पाहिलं नव्हतं. “आजी,” त्या आत्याला म्हणाल्या, “माझ्या आईला बोलवता येईल का? नातवाचं लग्न बघायचं होतं तिला.”

“येल ना,” आत्या म्हणाली. “नाव सांगा.”

त्यांनी सांगितलं. आत्याने ते पुण्याचं नाव आमच्या चालीत बसवून घेतलं आणि ते आमच्याच घरातलं असल्यासारखं म्हटलं. साडेचार होऊन गेले होते. माझा कागद खिशात होता आणि मला घड्याळाकडे बघावंसं वाटलं नाही. पलीकडे डीजेवाला दोन्ही हात जोडून उभा होता.

मग आत्याने वहिनीकडे पाहून मान हलवली आणि वहिनीच्या बोटाची हळद लेकीच्या गालाला लागली. मी एव्हाना पाटाच्या डाव्या अंगाला, बायकोचा फोटो आणि मुलगी यांच्या मध्ये, मुलीला अगदी खेटून येऊन बसलो होतो. गुडघे दुखत होते, पण तिथून उठायची इच्छा नव्हती. आत्या माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या खांद्यावर दोन बोटांनी टकटक केलं, वर्गात मी पोरांना करतो तसं.

“जरा सरक,” ती म्हणाली. “तिला बसाला दे.”

मी सरकलो. मुलीनेही तिची साडी सावरून जागा केली.